सत्तावीस घोडे

मोटारसायकल मला चालवता येत नाही. मी मूळचा सायकलवाला. पुढे नोकरीत बढती मिळाली तेव्हा स्कूटरवाला झालो, आणि स्कूटरचा सगळ्यांत मोठा गुण म्हणजे ती फारशी पळत नाही, असे माझे प्रामाणिक मत आहे. त्यातून मी छत्तीस वर्षे विमा कंपनीत काढली. समोर बसलेल्या धडधाकट माणसाकडे पाहून ‘हा उद्या नसला तर?’ असा विचार करण्याचा मला दरमहा पगार मिळत असे. अशा माणसाने मोटारसायकलीच्या इंजिनावर चार पाने खरडावीत याचे कुणालाही नवल वाटेल. पण गेल्या वर्षी ताईच्या घरात एक खटला उभा राहिला. फिर्यादी ताई, आरोपी तिचा मुलगा, आणि मुद्देमाल म्हणजे भावोजींची राजदूत थ्री-फिफ्टी. वकीलपत्र, अर्थातच न विचारता, माझ्या गळ्यात पडले.

ज्यांनी ही गाडी पाहिली नसेल (पाहण्याआधी ती ऐकूच येत असे) त्यांच्यासाठी थोडी वंशावळ सांगतो. जपानच्या यामाहा कंपनीने १९७३ साली आर. डी. ३५० नावाची मोटारसायकल काढली. दोन सिलिंडर, टू-स्ट्रोक, ३४७ सी. सी. आणि ताकद ३९ अश्वशक्ती. दोनतीन वर्षांत जपान्यांनी ती सोडून दिली आणि पुढची काढली. आपल्याकडे एस्कॉर्ट्स कंपनीने तीच गाडी १९८३ साली राजदूत या नावाने आणली. त्या वेळी आपल्या रस्त्यांवरची दणकट गाडी म्हणजे बुलेट, आणि तिची ताकद सुमारे १८ घोड्यांची. बाकी मध्यमवर्ग आकुर्डीच्या चेतक स्कूटरसाठी नंबर लावून वर्षानुवर्षे वाट पाहत बसलेला. त्या संथ वाहतुकीत हे जपानी जनावर येऊन पडले.

मात्र समुद्र ओलांडताना तिचे काही घोडे वाटेतच गळाले. आपल्याकडे निघालेल्या पहिल्या नमुन्यात ते साडेतीस राहिले, आणि १९८५ च्या सुमारास दुसरा नमुना आला त्यात सत्तावीस. पहिलीला लोक ‘हाय टॉर्क’ म्हणत, दुसरीला ‘लो टॉर्क’. सिलिंडर तेवढेच, पिस्टन तेवढाच. फक्त इंजिनाला श्वास सोडायची वाट अरुंद करून ठेवलेली. कारण सरळ होते. गाडी पेट्रोल पिते अशी ओरड होती, आणि आपला गिऱ्हाईक मोटारसायकलीच्या दुकानात शिरला की पहिला प्रश्न विचारतो तो ‘लिटरला किती?’ असा. ‘ताशी किती?’ हा प्रश्न तो फार तर घरी गेल्यावर, बायको आत असताना विचारतो. त्याच १९८५ साली हिरो होंडाची शंभर सी. सी. गाडी आली आणि तिने त्या पहिल्या प्रश्नाचे असे काही उत्तर दिले की थ्री-फिफ्टीचा निकाल तिथेच लागला. १९९० च्या आसपास ती बंद झाली.

भावोजींनी १९८६ साली घेतली ती सत्तावीस घोड्यांची. २००९ साली ते हृदयविकाराने गेले, आणि गाडी ताईच्या सोसायटीच्या जिन्याखाली ताडपत्रीत गुंडाळून उभी राहिली. ताईने ती विकली नाही, कुणाला हात लावू दिला नाही, आणि स्वतः कधी ताडपत्री उचलूनही पाहिली नाही. भाच्याने परवा परवा तिची कागदपत्रे पुन्हा करून घेतली, हरित कर भरला, आणि एके दिवशी जेवताना जाहीर केले, की मी बाबांची गाडी चालू करणार आणि तिचे अडवलेले घोडे मोकळे करून तिला जपानी एकोणचाळीसवर नेणार.

रात्री ताईचा फोन आला. “तू विम्यातला माणूस. तू समजाव त्याला.”

मी तयारीने गेलो. मोटार वाहन कायद्याचे ५२ वे कलम वाचून गेलो. कारखानदाराने दिलेले आणि नोंदणीपुस्तकात उतरलेले जे तपशील, त्यांच्याशी विसंगत ठरेल असा फेरफार मालकाला करता येत नाही, असे ते कलम सांगते. २०१९ साली सर्वोच्च न्यायालयानेही त्यावर शिक्का मारला. शिवाय अशा गाडीला अपघात झाला तर विमा कंपनी काय करील, हे मी त्याला सांगण्याची गरज नव्हती. छत्तीस वर्षे मीच ते करत होतो. भाच्याने सगळे शांतपणे ऐकले. तो चौतीस वर्षांचा आहे, संगणकाच्या कंपनीत बरा पगार मिळवतो, आणि रागावत नाही, ही त्याची मोठी गैरसोय आहे.

“मामा, मी बाहेरून काही लावत नाहीये,” तो म्हणाला. “आत जे आहे तेच मोकळं करतोय.”

या वाक्याला माझ्या कलमात उत्तर नव्हते. हे वाक्य मोटारसायकलीपेक्षा जुने आहे. घर सोडून नाटक कंपनीत पळालेल्या आमच्या एका चुलत आजोबांनीही थोड्याफार फरकाने हेच म्हटले असणार.

त्याच आठवड्यात मुलीशी बोलताना हा विषय निघाला. ती जर्मनीत स्टुटगार्टला असते आणि तीही मोटारसायकल चालवते, हे मी नातेवाइकांत फारसे बोलत नाही. ती हसायलाच लागली. म्हणाली, “बाबा, माझ्या गाडीलाही वेसण होती. इथं ती सरकारच घालतं.” मग तिने सांगितले ते असे: युरोपात १९ जानेवारी २०१३ पासून परवान्याच्या पायऱ्या ठरल्या आहेत. मधल्या पायरीवरच्या माणसाला ३५ किलोवॅटपर्यंतचीच, म्हणजे सुमारे ४८ घोड्यांची गाडी चालवता येते. मोठी गाडी घेतली तर ती तेवढ्यावर आवळून घ्यायची. आणि तीही मुळात ७० किलोवॅटच्या वरची नको, नाहीतर हत्तीला बकरीचे दावे बांधल्यासारखे व्हायचे. मुलीची गाडी यामाहाचीच, एम. टी. ०७, मूळची ताकद ७३ घोडे, पण दोन वर्षे तिने ती ४८ वर चालवली. दोन वर्षे झाल्यावर रस्त्यावरची परीक्षा पुन्हा दिली, पास झाली, आणि वर्कशॉपमध्ये जाऊन बंधन काढून घेतले. नव्या गाडीत ते काम संगणकाच्या तारेने होते; जुन्या गाड्यांत थ्रॉटल पूर्ण उघडू नये म्हणून धातूचा एखादा तुकडा अडकवलेला असतो, तो काढायचा. मग कागदपत्रांत तशी नोंद करायची.

“आणि मग कसं वाटलं?” मी विचारले.

“पहिले दोन दिवस भीती वाटली,” ती म्हणाली. “त्यासाठीच तर दोन वर्षं थांबवतात.”

मला ती पद्धत आवडली. आपल्याकडे अठरा वर्षे पूर्ण झाली, परवाना हातात पडला, की शंभर सी. सी. घ्या नाहीतर हजार. कायद्याला दोन्ही सारखीच. वेसण घालायची ती आईने, बायकोने किंवा खिशाने. एके काळी कारखान्यानेही घातली, पण ती आपल्या जिवासाठी नव्हे, पेट्रोलसाठी.

शेवटी मी भाच्याबरोबर नाना पेठेतल्या त्याच्या मिस्त्रींकडे गेलो. वकिलाने घटनास्थळ पाहावे, इतकाच हेतू. आठ बाय दहाचा गाळा, बाहेर लाकडी स्टुलावर म्हातारे मिस्त्री, आत त्यांचा मुलगा. भावोजींची गाडी पहिल्यापासून याच गाळ्यात येत असे. इंजिन अर्धे उतरवलेले होते. धाकट्या मिस्त्रीने सिलिंडरचा बॅरल माझ्या हातात दिला आणि आत टॉर्च मारली. गुळगुळीत पोलादी नळी, आणि तिच्या भिंतीत खिडक्या.

“टू-स्ट्रोकला वॉल्व्ह नसतात, काका. या खिडक्या म्हणजेच पोर्ट. पिस्टन खाली गेला की उघडतात, वर आला की झाकतात. ही धुराची खिडकी. हिची वरची कड थोडी वर चढवली की ती लवकर उघडते आणि जास्त वेळ उघडी राहते. इंजिन वरच्या फेऱ्यांना मोकळं होतं. बस, घोडे इथंच अडकलेत.”

“मग कानस मारायची आणि झालं?”

स्टुलावरून म्हातारे मिस्त्री बोलले, “झालं म्हणजे काय झालं ते आधी ठरवायचं. कापड कमी बेतलं तर तुकडा जोडता येतो. इथलं घासलेलं लोखंड परत येत नाही.”

मग त्यांनी मला जे सांगितले त्याला मी व्याख्यान म्हणेन. आमच्या कंपनीत बाहेरून पैसे देऊन बोलावलेल्या वक्त्यांकडून मी याहून पुष्कळ वाईट ऐकली आहेत. खिडकी वर चढवली तर वरच्या फेऱ्यांना जोर येतो, पण तो खालून काढून घेतलेला असतो. गर्दीत, चढावर, हळू चालताना गाडी रडते. खिडकी रुंद फार केली तर पिस्टनची रिंग तिच्यात फुगते, कडेला अडकते आणि तुटते. धुराची वाट वाढवली की आत येणारे पेट्रोलही वाढवावे लागते, म्हणून कार्ब्युरेटरचे जेट बदलायचे. ते न बदलता गाडी पळवली तर मिश्रण हलके पडते, इंजिन तापते आणि पिस्टन चिकटतो. ते पाहायचे कसे? गाडी जोरात पळवून एकदम बंद करायची आणि प्लग काढून त्याचा रंग बघायचा. बदामी असला तर ठीक. पांढरा दिसला तर परमेश्वराचे आभार मानून गाडी ढकलत आणायची.

“आणि हे सगळं जमलं,” म्हातारे म्हणाले, “तरी एक राहतंच. जपानची गाडी एकोणचाळीसची होती तेव्हा तिला पुढं डिस्क होती. आपल्याला दिली ती ड्रमवाली. टू-स्ट्रोकला मूठ सोडली तरी इंजिन धरून ठेवत नाही, ती वाहतच राहते. पळायचं एकोणचाळीसनं, थांबायचं कशानं?”

इथे मात्र मी जागा झालो, कारण हा माझा विषय होता. वेग दीडपट झाला की ब्रेक लावल्यापासून थांबेपर्यंतचे अंतर दीडपट होत नाही, सव्वादोनपट होते. हे गणित मी कागदावर हजारदा पाहिले आहे. दाव्याच्या फायलीत ते टायरच्या काळ्या पट्ट्यांच्या लांबीत उतरलेले असते. कारखान्याला आपण शिव्या देतो की त्याने ताकद कापली. पण कारखान्याला गिऱ्हाइकाचे तोंड दिसत नाही. तो कुणा एकासाठी गाडी करत नाही. ती पावसात मुलाला शाळेत सोडणाऱ्याच्याही हातात जाणार असते आणि मित्राशी पैज लावलेल्याच्याही. तो मधला आकडा धरतो, जसा आम्ही हप्ता ठरवताना धरत होतो. त्या आकड्यात बसणारा खरा माणूस जगात एकही नसतो, हे आम्हालाही ठाऊक होते. ती वेसण कुणी काढली तर माझी तक्रार नाही, असे मला त्या गाळ्यात उभे राहून वाटू लागले. हे ताईला कळले असते तर तिने वकीलपत्र काढून घेतले असते.

तेवढ्यात धाकट्या मिस्त्रीने कार्ब्युरेटर उघडायला घेतले. या गाडीला ते दोन असतात, सिलिंडरला एक. वरचे टोपण फिरवून काढले, स्प्रिंग बाहेर आली, आणि स्प्रिंगच्या पोटातून करंगळीच्या पेराएवढी पितळी नळी टपकन खाली पडली. दुसऱ्या कार्ब्युरेटरमधूनही तशीच.

“हीच ती!” भाचा म्हणाला. “मामा, बघा, कंपनीनं थ्रॉटलपण अडवून ठेवला होता. पाऊण उघडला की या नळीला टेकून थांबणार.” जर्मनीची गोष्ट त्याला मीच सांगितली होती.

म्हाताऱ्या मिस्त्रींनी हात पुढे केला, नळी घेतली, चष्मा वर करून पाहिली.

“ही कंपनीची नव्हे,” ते म्हणाले. “ही मी कापलेली. साहेब पेढे घेऊन आले होते. मुलगा झाला म्हणून. पेढे दिले आणि म्हणाले, मिस्त्री, जरा आवळून द्या हिला. मी म्हटलं, साहेब, विका ना मग. तर म्हणाले, विकवत नाही. घरी बोलू नका.”

१९९१ ची गोष्ट. भाचा काही बोलला नाही. फडके घेऊन, आधीच पुसलेली टाकी पुसत राहिला.

मला मात्र एकदम सगळा हिशेब लागत गेला. १९८७ साली भावोजींनी मला मागे बसवून कात्रजचा घाट चढवला होता. मी त्यांच्या शर्टाला इतका घट्ट धरून होतो की घरी गेल्यावर दोन बटणे तुटलेली निघाली. तो माणूस पुढे पुढे रस्त्याच्या डाव्या कडेने जाऊ लागला. कुणीही पोरगा मागून येऊन पुढे निघून गेला तरी भावोजींचे एक उत्तर ठरलेले: “पेट्रोलमध्ये भेसळ आहे रे, गाडी ओढत नाही.” अठरा वर्षे आम्ही हे ऐकले. ताईने तर त्यांच्यासाठी दोनदा पंप बदलायला लावला होता. एकदा दुसऱ्या पंपावरच्या बिचाऱ्या पोराला तिने रांगेत उभे राहून चांगले खडसावले होते, आणि भावोजी शेजारी मान खाली घालून उभे होते. आम्हाला वाटले, भिडस्त माणूस आहे.

संध्याकाळी भाच्याने त्या दोन नळ्या आईच्या हातावर ठेवल्या आणि मिस्त्रींचे शब्द जसेच्या तसे सांगितले. ताई बराच वेळ नळ्यांकडे पाहत बसली. मला वाटले, आता ही रडणार. ती म्हणाली,

“म्हणजे पेट्रोल चांगलं होतं.”

आणि मग हसली, आणि मग रडली. हा क्रम मी मुद्दाम नोंदवून ठेवतो आहे.

मला वाटले होते की खटला आता निकालात निघाला. बापाने घातलेली वेसण मुलगा कशी काढणार? ताईचे मत निराळे निघाले. दुसऱ्या दिवशी सकाळी तिने निर्णय सांगितला. “त्यांनी नळ्या घातल्या त्या तू लहान होतास म्हणून. आता तू लहान नाहीस. त्या काढ. पुढचं काय करायचं ते नंतर बघू. पण पळवून दाखवू नकोस. मला आधी थांबवून दाखव.”

पुढच्या रविवारी सकाळी सोसायटीच्या मागच्या रस्त्यावर ताईने रांगोळीची रेघ ओढली. विजेच्या खांबापाशी ब्रेक दाबायचा आणि पुढचे चाक रेघेच्या अलीकडे थांबवायचे, वेग चाळीस. मी काट्याचा साक्षीदार. पहिल्या खेपेला गाडी रेघ पुसून चांगली पुढे गेली. दुसऱ्या खेपेलाही गेली. ताई एक शब्द बोलली नाही. रांगोळीचा डबा घेऊन तिने रेघ पुन्हा होती तिथेच ओढली आणि घरात निघून गेली. त्या एका रेघेने माझ्या ५२ व्या कलमापेक्षा जास्त काम केले. भाच्याने इंजिन बाजूला ठेवले आणि दोन महिने फक्त ब्रेकच्या मागे लागला. ड्रम खरादला, नवे लायनर बसवले, केबल बदलल्या, चाकांचे बेअरिंग, टायर, सगळे नवे. नंतरच्या परीक्षेत गाडी रेघेच्या दोन हात अलीकडे थांबली, पन्नासला थांबली, साठला मी डोळे मिटून घेतले त्यामुळे साक्ष देऊ शकत नाही, पण रेघ शाबूत होती.

आता गाडी रस्त्यावर चालते ती सत्तावीस घोड्यांची, नोंदणीपुस्तकात आहे तशी. भाच्याने जुन्या बाजारातून बॅरलची दुसरी जोडी मिळवली आणि म्हाताऱ्या मिस्त्रींना समोर बसवून धाकट्याकडून तिच्या खिडक्या घासून घेतल्या. म्हाताऱ्याने चार दिवस लावले. कागदावर काजळीने खिडकीचा ठसा घ्यायचा, मोजायचे, थोडे घासायचे, पुन्हा ठसा. शेवटी कडा इतक्या हलक्या हाताने मारल्या की बोट फिरवले तर कळतही नाही. मूळचे बॅरल गाडीवर, हे दुसरे घरी. ती जोडी चढवायची तर चेन्नईजवळ इरुंगट्टुकोट्टईला शर्यतीचा ट्रॅक आहे तिथेच, रस्त्यावर कदापि नाही, असा ताईचा हुकूम आहे. आणि तिथेही डिस्क ब्रेक बसवल्याशिवाय नाही. डिस्कसाठी भाचा पैसे साठवतो आहे. तोवर ती जोडी तेलकट कागदात गुंडाळून ताईच्या गोदरेजच्या कपाटात, शालूच्या खालच्या कप्प्यात आहे.

यंदा खंडेनवमीला मी त्यांच्याकडे गेलो होतो. पाटावर भाच्याचे पाने, स्क्रू-ड्रायव्हर, ताईची विळी आणि शिवणाची कात्री, आणि मधोमध ते दोन बॅरल, हळदकुंकू लावून, झेंडू वाहून. पितळी नळ्याही होत्या, एका वाटीत. पूजा झाल्यावर भाचा मला रेल्वेने गाडी चेन्नईला पाठवण्याचे पार्सलचे दर सांगत होता. ताई आरतीचे तबक घेऊन जाता जाता थांबली.

“त्या ट्रॅकवर,” तिने विचारले, “मागे बसू देतात का रे?”